कॅडमधल्या टेक्स्ट स्टाइल: दुसऱ्या फाइलमधून आणायच्या कशा आणि आणल्यावर सांभाळायच्या कशा

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या एखाद्या फाउंड्रीत बाहेरगावच्या पार्टीकडून पंपाच्या केसिंगचं ड्रॉइंग येतं. फाइल उघडताच 'एसएचएक्स फाइल सापडत नाही' अशी पेटी समोर येते (एसएचएक्स म्हणजे ऑटोकॅडच्या स्वतःच्या फॉन्टचा प्रकार) आणि घाईत 'इग्नोअर' दाबलं जातं. ड्रॉइंग उघडतं. रेषा सगळ्या जागच्या जागी असतात, पण टायटल ब्लॉकमधला मजकूर चौकटीबाहेर पळालेला असतो. जॉमेट्रिक टॉलरन्सच्या चौकटीत तर पोझिशनच्या खुणेऐवजी नुसता इंग्रजी 'जे' आणि व्यासाच्या खुणेऐवजी 'एन' दिसतो. प्रिंट उद्यमनगरात पॅटर्नवाल्याकडं जाते आणि तासाभरात फोन येतो, "साहेब, हे जे-एन काय भानगड आहे?"

ड्रॉइंग चुकलेलं नसतं. ड्रॉइंगच्या फाइलमध्ये अक्षरांचे आकार साठवलेलेच नसतात. तिथं असतं फक्त स्टाइलचं नाव आणि 'अमुक फॉन्ट वापर' एवढी चिठ्ठी. चिठ्ठी फाइलबरोबर येते, फॉन्ट पाठवणाऱ्याच्या मशीनवरच राहतो. टेक्स्ट स्टाइलच्या बहुतेक तक्रारी या एका गोष्टीतून निघतात. उरलेल्या निघतात नावांच्या टकरीतून, तिच्याकडं पुढं येऊच.

इथलं सगळं ऑटोकॅड धरून लिहिलंय. झेडडब्ल्यूकॅड, जीस्टारकॅड, ब्रिक्सकॅड यांत कमांड जवळपास याच आहेत. ब्रिक्सकॅडमध्ये डिझाइन सेंटरचं, म्हणजे दुसऱ्या फाइलमधल्या स्टाइल, ब्लॉक, लेअर आणायच्या खिडकीचं काम ड्रॉइंग एक्सप्लोररमधून होतं. कमांडची नावं इथं उच्चाराप्रमाणं दिली आहेत, कीबोर्डवर ती अर्थातच इंग्रजीत मारायची.

स्टाइलच्या पोटात काय असतं

'एस-टी' टाइप करून एंटर मारा, टेक्स्ट स्टाइलची खिडकी उघडेल. डावीकडं नावांची यादी, उजवीकडं फॉन्ट, उंची, रुंदीचं प्रमाण म्हणजे विड्थ फॅक्टर, तिरकेपणाचा कोन, आणि उलटं, आरशातलं, उभं या तीन खुणा. अॅनोटेटिव्हची, म्हणजे स्केलप्रमाणं अक्षराचा आकार जुळवून घेणारी चौकटही तिथंच.

यातली सगळ्यात जास्त घोळ घालणारी चौकट उंचीची. ती शून्यच ठेवा. तिथं आकडा घातला की दोन गोष्टी होतात. एक, टेक्स्ट कमांड उंची विचारायचं बंद करते. दुसरी जास्त त्रासाची: ही स्टाइल डायमेन्शन स्टाइलला जोडली असेल तर डायमेन्शनच्या अक्षराची उंची तिथून बदलता येत नाही, ती चौकट करडी होऊन बसते. 'डायमेन्शनचा आकडा काही केल्या मोठा होईना' ही तक्रार आली, की आधी त्या टेक्स्ट स्टाइलची उंची बघायची. दहातल्या नऊ वेळा तिथं आकडा सापडतो.

कोल्हापुरात शून्य उंचीला आणखी एक कारण आहे. कारखान्याचं ड्रॉइंग मिलिमीटरमध्ये असतं, आर्किटेक्टच्या ऑफिसात अजून फूट-इंच चालतात, आणि साइट प्लॅन मीटरमध्ये काढलेला असतो. कागदावर २.५ मिमी दिसणारं अक्षर १:१०० च्या ड्रॉइंगमध्ये मिलिमीटरच्या फाइलला २५० लागतं, मीटरच्या फाइलला ०.२५, आणि एक युनिट म्हणजे एक इंच धरलेल्या फाइलला ९.८४. स्टाइल एका फाइलमधून दुसरीत नेताना उंचीचा आकडा जसाच्या तसा येतो, त्याचं रूपांतर कोणी करत नाही. मीटरच्या प्लॅनमधली ०.२५ ची स्टाइल मिलिमीटरच्या फाइलमध्ये आली, की मजकूर लिहिलाय की माशी बसलीय ते कळत नाही.

स्टाइल बदलल्यावर जुन्या मजकुराचं काय होतं, हेही नीट माहीत हवं. फॉन्ट बदलला, किंवा उलटं-आरशातलं-उभं यांतली खूण बदलली, तर त्या स्टाइलचा जुना मजकूर लगेच बदलतो. उंची, विड्थ फॅक्टर आणि तिरकेपणा बदलला तर एकओळी टेक्स्टमध्ये जुनं जसं होतं तसंच राहतं, फक्त यापुढं लिहिलेलं नवीन नियमानं येतं. म्हणून विड्थ ०.८ करून 'अप्लाय' मारलं आणि पडद्यावर काहीच हललं नाही, तर सॉफ्टवेअर बिघडलेलं नाही. जुना मजकूर निवडून प्रॉपर्टीजमध्ये आकडा घाला.

आधी स्वतःचा संच पक्का करा

दुसऱ्याच्या स्टाइल आणण्याआधी आपल्या किती असाव्यात ते ठरवा. चार पुरतात: नोट्ससाठी एक, डायमेन्शनसाठी एक, टायटल ब्लॉकसाठी एक आणि मराठीसाठी एक. प्रत्येक उंचीसाठी वेगळी स्टाइल करायची पद्धत काही ऑफिसांत दिसते; उंची शून्य ठेवली तर तिची गरजच पडत नाही.

नावाच्या सुरुवातीला ऑफिसची दोन-तीन अक्षरं लावा. 'एबीसी-नोट', 'एबीसी-डायम' असं. हे हौसेखातर नाही. नुसतं 'नोट' किंवा 'टेक्स्ट-१' हे नाव समोरच्यानंही ठेवलेलं असतं, आणि टक्कर तिथंच होते. 'स्टँडर्ड' नावाची स्टाइल तर प्रत्येक फाइलमध्ये असतेच, ती काढूनही टाकता येत नाही. तिच्यात आपला महत्त्वाचा मजकूर लिहूच नका. प्रत्येकाची 'स्टँडर्ड' वेगळी असते: कुणाची एरियल, कुणाची सिम्प्लेक्स, कुणाची टीएक्सटी.

इंग्रजी मजकुराला सिम्प्लेक्स, रोमन-एस किंवा आयएसओसीपी यांपैकी एक एसएचएक्स फॉन्ट घ्या. हे ऑटोकॅडबरोबरच येतात, त्यामुळं समोरच्याकडंही असायची शक्यता मोठी. अक्षरांच्या उंचीसाठी आयएस ९६०९ मधला क्रम पाळा: २.५, ३.५, ५, ७, १० मिमी. प्रत्येक आकडा आधीच्याच्या साधारण १.४ पट आहे. म्हणून ए२ वरून ए३ वर किंवा ए१ वरून ए२ वर कमी करून झेरॉक्स काढली, तरी ३.५ चं २.५ होतं, भलताच मधला आकडा येत नाही. शॉप फ्लोअरवर तेलकट हातांत जाणाऱ्या प्रिंटला २.५ पेक्षा बारीक अक्षर ठेवू नका.

डिझाइन सेंटरमधून स्टाइल आणणं

रोजच्या वापराचा हाच रस्ता.

१. ज्या फाइलमध्ये स्टाइल हवी ती उघडा. ज्या फाइलमधून आणायची ती उघडायची गरज नाही.

२. कंट्रोल आणि २ दाबा, किंवा 'ए-डी-सी' टाइप करा.

३. डाव्या बाजूच्या फोल्डर यादीत मूळ फाइलपर्यंत जा. टेम्प्लेट म्हणजे डीडब्ल्यूटी फाइलही चालते. फाइलच्या नावापुढच्या अधिकच्या खुणेवर टिचकी मारा. ब्लॉक, डायमेन्शन स्टाइल, लेअर, टेक्स्ट स्टाइल असे कप्पे दिसतील.

४. टेक्स्ट स्टाइलचा कप्पा उघडा. हव्या त्या स्टाइल कंट्रोल धरून निवडा आणि ओढून ड्रॉइंगवर सोडा. किंवा राइट क्लिक करून 'अॅड टेक्स्ट स्टाइल' घ्या.

५. खाली कमांड लाइनवर काय लिहून आलं ते वाचा. हेच कोणी करत नाही.

त्या ओळीचा अर्थ असा असतो की स्टाइल घेतल्या, पण ज्या नावाची आधीपासून इथं आहे ती सोडून दिली. नावांची टक्कर हीच. दोन फाइलमध्ये 'नोट' नावाची स्टाइल असेल, एकीत फॉन्ट रोमन-एस आणि दुसरीत एरियल, तर ओढून आणलेली 'नोट' आत येतच नाही. ज्या फाइलमध्ये आपण बसलोय तिचीच व्याख्या टिकते. पेटी नाही, बीप नाही, लाल अक्षरं नाहीत. माणूस समजतो स्टाइल आली.

डिझाइन सेंटरनं फक्त टेक्स्ट स्टाइल आणली तर तिच्याबरोबर डायमेन्शन स्टाइल येत नाही. उलट डायमेन्शन स्टाइल आणली तर ती जिच्यावर उभी आहे ती टेक्स्ट स्टाइल आपोआप येते. दोन्ही हव्या असतील तर डायमेन्शन स्टाइलच ओढा, काम निम्म्यात होतं.

टक्कर झाली तर

समजा पार्टीनं आपला नवा संच पाठवलाय आणि जुन्या ड्रॉइंगमधली 'नोट' बदलून त्यांची 'नोट' बसवायची आहे. नुसता फॉन्टच वेगळा असेल तर एवढं करू नका. एस-टी उघडून 'नोट'चा फॉन्ट हातानं बदला, संपलं. पण पाच-सहा स्टाइल असतील आणि त्यांच्याच व्याख्या तंतोतंत हव्या असतील तर क्रम हा.

'आर-ई-एन' म्हणजे रिनेम कमांड घ्या. डावीकडं टेक्स्ट स्टाइल निवडा आणि आपल्या 'नोट'चं नाव 'नोट-जुनी' करा. सगळा जुना मजकूर आता 'नोट-जुनी'त आहे आणि 'नोट' हे नाव मोकळं झालंय. मग डिझाइन सेंटरमधून पार्टीची 'नोट' आणा. या वेळी ती खरोखर येते.

आता मजकूर जुन्यातून नव्यात हलवायचा. लेअर एकत्र करायला लेमर्ज आहे, टेक्स्ट स्टाइलला तशी कमांड नाही. म्हणून क्यूसिलेक्ट, म्हणजे अट देऊन वस्तू निवडणारी कमांड. त्यात ऑब्जेक्ट टाइप 'टेक्स्ट', प्रॉपर्टी 'स्टाइल', किंमत 'नोट-जुनी' घ्या. निवडलेल्या मजकुराची स्टाइल प्रॉपर्टीजच्या पट्टीतून 'नोट' करा. मग तेच एमटेक्स्टसाठी, म्हणजे अनेक ओळींच्या मजकुरासाठी परत. मॉडेलमध्ये झालं की प्रत्येक लेआउटमध्ये जाऊन पुन्हा; मॉडेलमध्ये बसून लेआउटमधला मजकूर निवडता येत नाही.

क्यूसिलेक्ट ब्लॉकच्या आत शिरत नाही. ब्लॉकमधल्या साध्या मजकुरासाठी ब्लॉक एडिटर उघडावा लागतो. टायटल ब्लॉकमधली पार्ट नंबर, मटेरियल, तारीख ही अॅट्रिब्यूट असतात. त्यांच्यासाठी 'बॅटमॅन' नावाची कमांड आहे. नाव गमतीचं आहे, काम मात्र चोख. वर ब्लॉक निवडा, खालचं एकेक अॅट्रिब्यूट एडिट करून 'टेक्स्ट ऑप्शन्स'मध्ये स्टाइल बदला, शेवटी 'सिंक' दाबा. सिंक विसरला तर काही प्रती जुन्या चेहऱ्यानंच राहू शकतात.

उरल्या डायमेन्शन स्टाइल, मल्टिलीडर स्टाइल आणि टेबल स्टाइल. प्रत्येकीत टेक्स्ट स्टाइलचा उल्लेख वेगळा असतो. तिन्ही उघडून बदला, नाहीतर 'नोट-जुनी' कधीच फाइलमधून जाणार नाही.

बाकीचे रस्ते आणि त्यांचे खाचखळगे

कॉपी-पेस्टनंही स्टाइल येते. एका फाइलमधून एक ओळ कॉपी करून दुसरीत चिकटवली की तिची स्टाइल सोबत आली. एखाद्या स्टाइलपुरतं ठीक. पण सवय लागली की मजकुराबरोबर त्याचा लेअर आणि स्केलच्या यादीतला कचराही येतो. चार-पाच वर्षं फिरलेल्या जनरल अरेंजमेंटच्या फाइलमध्ये सत्तर-ऐंशी टेक्स्ट स्टाइल दिसतात त्या अशाच गोळा झालेल्या.

नमुना फाइलची युक्ती जास्त सोयीची. एक रिकामी फाइल घ्या, आपल्या चारही स्टाइलमध्ये एकेक ओळ लिहा आणि सेव्ह करा. नवीन ड्रॉइंगमध्ये आडवी रेघ लावून 'इन्सर्ट' कमांड द्या, फाइलचं नाव आणि मार्ग द्या, आणि जागा विचारली की एस्केप दाबा. पडद्यावर काहीच येत नाही, पण ब्लॉकची व्याख्या आणि तिच्या पोटातल्या स्टाइल फाइलमध्ये आलेल्या असतात. यानंतर पर्ज करताना, म्हणजे न वापरलेलं काढून टाकताना जपून. फक्त तो ब्लॉक काढा. 'पर्ज ऑल' मारलं तर ब्लॉकबरोबर नुकत्याच आणलेल्या स्टाइलही जातील, कारण त्या अजून कुठं वापरलेल्या नाहीत.

एक्सरेफमधली, म्हणजे बाहेरून जोडलेल्या ड्रॉइंग फाइलमधली स्टाइल हवी असेल तर 'एक्सबाइंड'. एक्सरेफच्या स्टाइलचं नाव 'फाइलनाव, उभी रेघ, स्टाइल' असं दिसतं आणि तिला हात लावता येत नाही. एक्सबाइंडनं आणली की उभ्या रेघेच्या जागी डॉलर-शून्य-डॉलर येतं आणि ती आपली होते. पूर्ण एक्सरेफ बाइंड करताना 'बाइंड' आणि 'इन्सर्ट' असे दोन पर्याय असतात. पहिल्यात डॉलरवाली लांबलचक नावं येतात पण दिसणं बदलत नाही. दुसऱ्यात नावं साधी राहतात, मात्र सारख्या नावाला पुन्हा आपल्या फाइलचीच व्याख्या लागू होते आणि मजकूर रूप बदलतो. मोजमापं लिहिलेल्या ड्रॉइंगला पहिला पर्याय घ्या; डॉलरची नावं नंतर रिनेममध्ये तारांकन (*) वापरून एकदम साफ करता येतात.

एक्सप्रेस टूल्स हा जादा कमांडचा संच असेल तर 'डिमेक्स' आणि 'डिमिम' ही जोडी आहे. डिमेक्स डायमेन्शन स्टाइल वेगळ्या फाइलमध्ये काढते आणि टेक्स्ट स्टाइलची पूर्ण माहिती द्यायची की नुसतं नाव, ते विचारते. पूर्ण माहिती निवडा. ऑटोकॅड एलटीमध्ये एक्सप्रेस टूल्स नाहीत, डिझाइन सेंटर मात्र आहे.

फॉन्टच नसेल तेव्हा

सुरुवातीच्या पेटीकडं परत येऊ. 'इग्नोअर' दाबलं की ऑटोकॅड फॉन्टऑल्ट या व्हेरिएबलमधला पर्यायी फॉन्ट लावतं, मुळात तो सिम्प्लेक्स असतो. साध्या इंग्रजी नोट्सना एवढं चालून जातं. फक्त अक्षरांची रुंदी बदलते, म्हणून मजकूर चौकटीबाहेर जातो. टॉलरन्सच्या खुणांचं तसं नाही. त्या जीडीटी किंवा एएमजीडीटी नावाच्या फॉन्टमधून येतात, आणि त्या फॉन्टमध्ये 'जे'च्या जागी पोझिशनची खूण, 'बी'च्या जागी परपेंडिक्युलॅरिटी, 'एन'च्या जागी व्यास काढलेला असतो. तो फॉन्ट नसेल आणि सिम्प्लेक्स लागला तर मूळचं अक्षर उघडं पडतं. पॅटर्नवाल्याला दिसलेला 'जे' हाच. अशी प्रिंट दुरुस्त केल्याशिवाय शॉपवर पाठवू नये.

नेमका कोणता फॉन्ट नाही ते बघायला एस-टी उघडा. सापडत नसलेल्या फॉन्टशेजारी इशाऱ्याची पिवळी खूण दिसते. मग फॉन्ट पाठवणाऱ्याकडून मागून घ्या. एसएचएक्स असेल तर तो ऑटोकॅडच्या फॉन्ट्स फोल्डरमध्ये टाका. त्याहून बरं म्हणजे ऑफिसच्या सर्व्हरवर एक फोल्डर करून त्याचा मार्ग ऑप्शन्स, फाइल्स, 'सपोर्ट फाइल सर्च पाथ' इथं प्रत्येक मशीनवर जोडा, म्हणजे नवीन व्हर्जन टाकलं तरी फॉन्ट हरवत नाहीत. फाइल बंद करून पुन्हा उघडा.

टीटीएफ म्हणजे ट्रूटाइप फॉन्टचा रस्ता वेगळा. तो विंडोजमध्ये बसवावा लागतो, आणि विंडोज १० च्या नंतरच्या आवृत्त्यांत नुसता डबल क्लिक करून 'इन्स्टॉल' म्हटलं तर तो फक्त त्या युजरपुरता बसतो. वर्डमध्ये दिसतो, ऑटोकॅडच्या यादीत दिसत नाही, आणि अर्धा दिवस डोकं खाजवण्यात जातो. फॉन्टवर राइट क्लिक करून 'इन्स्टॉल फॉर ऑल युजर्स' घ्या, मग ऑटोकॅड बंद करून परत चालू करा.

फॉन्ट मिळणारच नसेल तर फॉन्टमॅप. सपोर्ट फोल्डरमधली ए-कॅड डॉट एफएमपी ही नोटपॅडमध्ये उघडणारी साधी फाइल आहे. एका ओळीत एक जोडी: नसलेल्या फॉन्टचं नाव, अर्धविराम, त्याऐवजी वापरायच्या फॉन्टचं नाव. मध्ये जागा सोडायची नाही. दर महिन्याला त्याच पार्टीची ड्रॉइंग येत असतील आणि दर वेळी तीच पेटी बंद करायचा कंटाळा आला असेल तर हा उपाय कायमचा. जीडीटीसारख्या खुणांच्या फॉन्टला मात्र साधा फॉन्ट मॅप करू नका.

कधी पेटीत एलटाइपएसएचपी असं नाव येतं. तो अक्षरांचा फॉन्ट नाही, लाइनटाइपमधल्या खुणांची फाइल आहे. तिच्या जागी सिम्प्लेक्स दिला तर रेषांमधल्या खुणा बिघडतात. ती मूळ फाइलच हवी.

मराठी मजकूर

ग्रामपंचायत, नगरपरिषद किंवा मोजणीशी संबंधित नकाशांवर गट नंबर, चतुःसीमा, जागामालकाचं नाव मराठीत लागतं. इथं दोन जगं आहेत आणि त्यांची सरमिसळ झाली की फाइलची भेळ होते.

जुनं जग म्हणजे युनिकोडपूर्व फॉन्ट, उदाहरणार्थ कृतिदेव, शिवाजी. यांत फाइलमध्ये खरं तर इंग्रजी अक्षरंच साठवलेली असतात, फॉन्ट त्यांना मराठी आकार देतो. फॉन्ट नसलेल्या मशीनवर 'कोल्हापूर'च्या जागी अर्थहीन इंग्रजी अक्षरांची माळ दिसते. अशा मजकुरावर टीकेस किंवा कॅपिटल करणारी कुठलीही कमांड चालवू नका: छोट्या आणि मोठ्या इंग्रजी अक्षराला तिथं वेगवेगळे मराठी आकार असतात, एका झटक्यात सगळा मजकूर नासतो. टक्का-टक्का-सी लिहून व्यासाची खूण, टक्का-टक्का-डी लिहून अंश, हेही या स्टाइलमध्ये जमत नाही; त्या जागी भलताच मराठी आकार येतो. तेवढा भाग इंग्रजी स्टाइलमध्ये वेगळा लिहा.

नवं जग युनिकोडचं. 'एबीसी-मराठी' या स्टाइलला निर्मला यूआय किंवा मंगल द्या आणि विंडोजमध्ये मराठी कीबोर्ड जोडून सरळ टाइप करा. विंडोजचं बटण आणि स्पेसबारनं भाषा बदलते. मंगल, कोकिळा, उत्साह, अपराजिता हे फॉन्ट विंडोज १० मध्ये सुरुवातीला नसतात, सेटिंगमधल्या ऑप्शनल फीचर्समधून देवनागरीचे पूरक फॉन्ट घ्यावे लागतात. निर्मला यूआय आधीपासून असतो. म्हणून फाइल बाहेर जाणार असेल तर निर्मलाच बरा.

युनिकोड मजकुराची स्टाइल चुकून एसएचएक्स फॉन्टची झाली तर सगळीकडं प्रश्नचिन्हं दिसतात, कारण त्या फॉन्टमध्ये देवनागरी अक्षरंच नाहीत. घाबरू नका. मजकूर आत शाबूत असतो. स्टाइल बदला, परत दिसेल. जुन्या फॉन्टमधल्या मजकुराला मात्र युनिकोड फॉन्टची स्टाइल लावून उपयोग नाही, तो आधी कन्व्हर्टरमधून काढावा लागतो.

नवीन स्टाइल केल्यावर एक चाचणी ओळ लिहा: 'क्षेत्रफळ, मुख्याधिकारी, पूर्वेस रस्ता, ग्रामपंचायत हद्द, शिल्लक'. जोडाक्षरं, रफार आणि पहिली वेलांटी आपल्या व्हर्जनमध्ये नीट बसतात का ते एकओळी टेक्स्ट आणि एमटेक्स्ट दोन्हींत बघा. पडद्यावर आणि पीडीएफमध्येही, कारण पडद्यावर बरोबर दिसणारं प्लॉटमध्ये तुटतं असं होतं. मंगलच्या ओळींत अंतर फार पडतं. एमटेक्स्टच्या प्रॉपर्टीजमध्ये लाइन स्पेसिंगची पद्धत 'अॅट लीस्ट'वरून 'एक्झॅक्टली' केली की ओळी जवळ येतात. फार जवळ आणल्या तर वरच्या ओळीचा उकार खालच्या वेलांटीत अडकतो, तेवढं बघून थांबा. आणि मराठी स्टाइल डायमेन्शनला जोडू नका.

साफसफाई

'पी-यू' म्हणजे पर्ज. न वापरलेल्या स्टाइल निघून जातात. एखादी जातच नसेल तर ती कुठं तरी अडकलेली आहे: डायमेन्शन स्टाइलमध्ये, लीडरमध्ये, टेबलमध्ये किंवा न वापरलेल्या ब्लॉकच्या पोटात. २०२० पासूनच्या ऑटोकॅडमध्ये पर्जच्या खिडकीत 'फाइंड नॉन-पर्जेबल आयटम्स' हा भाग आहे, तो कारण सांगतो. ब्लॉकच्या आत ब्लॉक असतील तर नेस्टेडची खूण लावा, किंवा काही निघेनासं होईपर्यंत पर्ज पुन्हा पुन्हा चालवा.

एमटेक्स्टचं एक वेगळं दुखणं आहे. कोणीतरी एडिटरमध्ये शब्द निवडून हातानं फॉन्ट बदललेला असतो. हा बदल स्टाइलमध्ये नोंदला जात नाही, त्या मजकुराच्या आत कोड होऊन बसतो. मग एस-टीमध्ये फॉन्ट बदलला तरी तो परिच्छेद हलत नाही. त्यावर डबल क्लिक करा, सगळं निवडा, राइट क्लिक, 'रिमूव्ह फॉरमॅटिंग'. किंवा प्रॉपर्टीजमधून दुसरी स्टाइल लावा. त्यानं आतला फॉन्ट आणि उंची पुसली जाते, रंग आणि अधोरेखन राहतं.

टेम्प्लेट, तपासणी आणि पाठवणी

चार स्टाइल, त्यावर उभ्या डायमेन्शन आणि लीडर स्टाइल, टायटल ब्लॉक, हे सगळं एका फाइलमध्ये बसवून डीडब्ल्यूटी म्हणून सेव्ह करा. ऑप्शन्स, फाइल्स, टेम्प्लेट सेटिंग्जमध्ये क्यू-न्यूसाठी तिचा मार्ग द्या. नवीन फाइल यातूनच उघडली तर आणाआणीचा निम्मा प्रश्न उरत नाही.

हीच फाइल डीडब्ल्यूएस म्हणून सेव्ह केली तर तपासणीची मोजपट्टी होते. 'स्टँडर्ड्स' कमांडनं ती ड्रॉइंगला जोडा आणि 'चेक-स्टँडर्ड्स' चालवा. लेअर, लाइनटाइप, डायमेन्शन स्टाइल आणि टेक्स्ट स्टाइल यांतलं मोजपट्टीत न बसणारं एकेक करून समोर येतं. आउटसोर्स केलेलं काम परत आल्यावर हे आधी चालवावं. एलटीमध्ये ही सोय नाही.

बाहेर पाठवताना ई-ट्रान्समिट वापरा आणि त्याच्या सेटअपमध्ये 'इन्क्लूड फॉन्ट्स' चालू आहे ते बघा. त्यानं एसएचएक्स फॉन्ट पिशवीत येतात. टीटीएफचं परवान्याचं भान ठेवावं लागतं. समोरच्याकडं तो आहे का ते विचारून घ्या.

लेझर कटिंगला नावाची पट्टी किंवा डायल द्यायची असेल तर मजकूर मजकूर म्हणून ठेवू नका. एक्सप्रेस टूल्समधल्या 'एक्स्प्लोड टेक्स्ट'नं (कमांड 'टी-एक्स-टी-ई-एक्स-पी') त्याच्या रेषा करून द्या, आणि मूळ फाइल वेगळी जपा, कारण रेषा झालेला मजकूर पुन्हा टाइप करून दुरुस्त होत नाही.

प्लॉटिंग सेंटरला डीडब्ल्यूजी नेण्यापेक्षा पीडीएफ न्या. पीडीएफमध्ये एसएचएक्स मजकुरावर पिवळ्या टिपणांच्या चौकटी दिसत असतील तर 'पीडीएफ-एसएचएक्स' हे व्हेरिएबल शून्य करून पुन्हा प्लॉट करा. मराठी असेल तर पीडीएफ अॅक्रोबॅटमध्ये उघडून डॉक्युमेंट प्रॉपर्टीजमधला फॉन्ट्सचा भाग बघा: निर्मला किंवा मंगलच्या नावापुढं 'एम्बेडेड' लिहिलेलं असलं, की राजारामपुरीतल्या दुकानाच्या मशीनवर तो फॉन्ट असो वा नसो, अक्षर तेच छापून येतं.